बाटली मागितली तर द्या, खपवू नका

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. परळला वाडिया रुग्णालयाच्या परिसरात एका ओळखीच्या घरी बाळ पाहायला गेलो होतो. परतताना डोकेदुखीची गोळी घ्यावी म्हणून एका दुकानात शिरलो. पुढे एक तरुण उभा होता. वय पंचविशीच्या आत. डोळ्यांवर दोन रात्रींचे जागरण.

"चाचा, बाळासाठी दुधाची बाटली पाहिजे."

गल्ल्यावरच्या वयस्क गृहस्थांनी नोकराकडे बोट दाखवले. नोकराने एक शब्द न विचारता तीन वस्तू काचेवर मांडल्या : अडीचशे मिलीची बाटली, दूध पावडरचा डबा आणि जादा बुचांचे पाकीट. "सेट घ्या, सेटवर सूट आहे." तरुणाने विचारले, "आमचं बाळ परवाच झालंय, चालेल ना?" उत्तर मिळाले, "सगळे हेच नेतात." तरुणाने खिशातल्या नोटा मोजल्या, कमी पडल्या, मग बुचांचे पाकीट परत केले आणि तो निघून गेला.

बाहेर येऊन मी त्याला गाठले. सिझेरियन झाले होते. दूध येत नाही असे सासूबाईंचे म्हणणे. डॉक्टरांनी बाटली लिहून दिली होती का? नाही. नर्सला विचारले का? नाही. दोन दिवसांच्या बाळासाठी बाटली घेण्याचा निर्णय घरातल्या घाबरलेल्या माणसांनी केला आणि दुकानाने त्यावर शिक्का मारला.

हा विषय बायकांच्या पानावरचा आहे, व्यापाराच्या पानावर कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण बाटली आईच्या हातात पडण्याआधी ती दुकानदाराच्या हातातून जाते. आमचे कितीतरी बांधव औषधांच्या, जनरल स्टोअर्सच्या, खेळणी आणि बेबी वस्तूंच्या धंद्यात आहेत. अब्दुल रहमान स्ट्रीट आणि क्रॉफर्ड मार्केटपासून दादरच्या रानडे रोडपर्यंत हा माल फिरतो. म्हणून हा प्रश्न आधी आमचा आहे.

कायदा काय म्हणतो?

धंद्यातल्या अनेकांना ठाऊकच नाही की दुधाची बाटली ही साधी वस्तू नाही. तिच्यासाठी संसदेने १९९२ साली वेगळा कायदा केला. तान्ह्या मुलांचे पर्यायी दूध, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्या उत्पादन, पुरवठा आणि वितरणावर नियंत्रण आणणारा हा कायदा १ ऑगस्ट १९९३ पासून अंमलात आला आणि २००३ साली तो आणखी कडक झाला. त्याच्या मागे जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने मे १९८१ मध्ये मंजूर केलेली आंतरराष्ट्रीय संहिता आहे.

या कायद्यात बाटली म्हणजे नुसती बाटली नव्हे. तिचे बूचही त्यातच धरले आहे. विक्रीला बंदी नाही. बंदी आहे ती उत्तेजनाला. आणि उत्तेजन म्हणजे काय, तर ही वस्तू घ्यावी किंवा वापरावी म्हणून कोणालाही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष भरीस घालण्याची कोणतीही रीत. जाहिरात नको, नमुना फुकट देणे नको, भेटवस्तू नको, आमिष नको. इस्पितळात फलक लावणे नको, डॉक्टर-नर्सला भेटी देणे नको. आणि हे कलम दुकानदारांनी नीट लक्षात ठेवावे : या वस्तूंच्या खपावर नोकराला कमिशन देता येत नाही. बाटलीवर किंवा तिच्या वेष्टनावर भारतीय मानक ब्युरोची खूण नसेल तर ती विकताही येत नाही.

जाहिरात, आमिष, भेट, कमिशन यांबद्दलचा गुन्हा सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे परळच्या त्या दुकानातले "सेटवर सूट" हे दोन शब्द कायद्याच्या कक्षेत येतात. आज मोबाईलवरच्या दुकानांतही बाटल्यांवर सवलतीच्या पट्ट्या झळकतात. समोरचा करतो म्हणून आपलेही चालते, असे मात्र होत नाही.

हा कायदा कागदावरच राहिला असेही नाही, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. बालरोगतज्ज्ञ डॉ. आर. के. आनंद यांच्या पुढाकाराने मुंबईत उभ्या राहिलेल्या 'ॲकॅश' या ग्राहक संघटनेला केंद्र सरकारने या कायद्याखाली तक्रार दाखल करण्याचा अधिकार दिला. वर्ध्याला डिसेंबर १९९१ मध्ये स्थापन झालेल्या स्तनपान-प्रसार संघटनेलाही तो मिळाला. बड्या कंपन्यांना या लोकांनी न्यायालयात खेचले. मोठ्यांना जाब विचारला जातो, तिथे आपण आपल्या छोट्या गल्ल्यामागे लपू शकत नाही.

एवढा कडकपणा कशासाठी?

कारण साधे आहे आणि ते आपल्या चाळींत रोज दिसते. बाटली नीट वापरायची तर काय काय लागते? वाहते स्वच्छ पाणी, वेगळा ब्रश, दर वेळी दहा मिनिटे उकळायला गॅस, झाकून ठेवायला जागा, डब्यावरच्या सूचना वाचून मोजणारा माणूस आणि महिन्याला पुरेल इतका पैसा. लालबागच्या किंवा मदनपुऱ्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे पाणी ठरावीक वेळेला येते आणि सहा माणसे राहतात, तिथे यातल्या किती गोष्टी दर वेळी, दिवसातून आठ वेळा, रात्री अडीच वाजतासुद्धा होतील? बुचाच्या आतल्या खाचेत दुधाची साय राहते, मुंबईच्या दमट हवेत ती आंबते, आणि पुढे बाळाला जुलाब लागतात. मोठ्या माणसाला जुलाब दोन दिवसांचा त्रास. तान्ह्या बाळाच्या अंगातले पाणी काही तासांत जाते.

पैशाचाही हिशेब करू. हे व्यापाराचे पान आहे. पाच किलो वजनाच्या बाळाला दिवसाला साधारण साडेसातशे मिली दूध लागते. तीस मिलीला एक चमचा या मापाने पंचवीस चमचे, म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅम पावडर. महिन्याला तीन किलोंच्या वर. चारशे ग्रॅमचे आठ डबे. डब्यावरच्या छापील भावाला आठने गुणा आणि त्या तरुणाच्या पगारातून वजा करा. मग घरोघर जे होते ते होते : डबा पुरवून पुरवून वापरायचा. तीस मिलीला एक चमचाऐवजी साठला एक. दूध पांढरेच दिसते, बाटली भरलेलीच दिसते, पण बाळ उपाशी असते. आईला कळत नाही, आणि विकणाऱ्याने सांगितलेले नसते.

आणि सुरुवातीलाच बाटली दिली तर आईचे दूध खरोखर आटते. बाळ जितके ओढते तितके दूध उतरते, हा निसर्गाचा हिशेब आहे. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात चमचाभरच दूध मावते आणि आईचा घट्ट पिवळा चीक तेवढाच असतो. तोच त्याची पहिली लस. भरपूर दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरते, सिझेरियननंतर कधी थोडे उशिरा. नेमक्या या दोन-तीन दिवसांत घरचे घाबरतात आणि दुकान गाठतात. बाटलीच्या बुचातून दूध आपोआप वाहते, त्याची सवय लागलेले बाळ छातीला ओढायचा कंटाळा करते. मग "दूध येत नाही" हे खोटे वाक्य आठवड्याभरात खरे होते. आमचा परळचा तरुण नेमका या वळणावर उभा होता. त्याला बाटलीआधी नर्सकडे परत पाठवायला हवे होते.

गिरणगावाचा जुना धडा

परळ-लालबागला हा प्रश्न नवा नाही. नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ साली उभे राहिले ते गिरणीतल्या बायकांचा विचार करून. त्या काळी पाळीवर जाणारी आई तान्ह्या बाळाला अफूची गोळी देऊन झोपवून जाई, ही कहाणी गिरणगावच्या जुन्या नोंदींत आहे. १९२९ साली मुंबई प्रांताने बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा केला. देशातला तो पहिला. अफू गेली, गिरण्याही गेल्या, पण कामावर जाणाऱ्या आईचा प्रश्न राहिला. बाटली हे त्याचे सर्वांत सोपे उत्तर ठरले, सर्वांत चांगले नव्हे.

म्हणून जे बांधव कारखाने, वर्कशॉप, कार्यालये चालवतात त्यांनाही दोन शब्द. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. कामावर परतलेल्या आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोन वेळा दूध पाजण्यासाठी सुट्टी मिळण्याचा हक्क आहे. पडदा लावलेला एक कोपरा द्यायला किती खर्च येतो? आई तिथे दूध काढून स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात ठेवू शकते. साध्या हवेतही ते तीन-चार तास टिकते, आणि घरी आजी ते वाटी-चमच्याने पाजू शकते.

दीन काय सांगतो?

कुरआनमध्ये सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत मातांनी पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे. आपण तो नेहमी बायकांना ऐकवतो. पण तीच आयत पुढे वाचली तर जबाबदारी बापावर येते : दूध पाजणाऱ्या आईचे अन्नवस्त्र रीतीप्रमाणे पुरवणे त्याच्याकडे आहे. दाईकडून पाजायचे ठरले तर तिचा मोबदला चोख द्यावा, हेही तिथेच आले आहे. म्हणजे दूध पाजण्याच्या व्यवहारालाही अल्लाहने न्यायाच्या चौकटीत बसवले. खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांचे बालपण हलीमा सादिया यांच्या दुधावर गेले. आठ डब्यांचा पैसा ज्या घरात निघू शकतो, त्या घरात त्याच्या निम्म्यात आईसाठी डाळ, अंडी, भाजी, मटण आणि कामाला मदतनीस येऊ शकते.

व्यापाऱ्यांसाठीही एक प्रसंग हदीसमध्ये आहे. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले असे विक्रेत्याने सांगताच त्यांनी विचारले की मग ते वर, लोकांना दिसेल असे का ठेवले नाही. मालाचा दोष झाकून विकणारा आपला नव्हे, हा त्याचा बोध. दुधाच्या बाटलीचा ओला भाग कोणता? तिला लागणारे पाणी, इंधन, पैसा आणि तिने आटणारे आईचे दूध. तो वर दाखवल्याशिवाय केलेली विक्री हलाल रोजीत किती बसते, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

बाटली लागतेच तेव्हा

काही घरांत गरज खरी असते. आई अल्लाहला प्यारी झाली, ती अशा औषधांवर आहे की डॉक्टरांनी पाजण्यास मना केले, किंवा मूल सांभाळायला घेतलेले आहे. अशा आईबापांना उपदेश नको, योग्य वस्तू हवी. इथे दुकानदाराचे ज्ञान उपयोगी पडते.

पहिले, मानक ब्युरोची खूण पाहा. ती नसेल तर माल परत. दुसरे, पॉलिकार्बोनेट नको. त्यातून बीपीए नावाचे रसायन दुधात उतरते. युरोपीय संघाने २०११ साली आणि अमेरिकेने २०१२ साली बाळांच्या बाटल्यांत ते बंद केले. बुडाशी त्रिकोणात ५ हा आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. ७ असेल तर नेमके कोणते प्लास्टिक हे कळल्याशिवाय घेऊ नये. पॉलिप्रॉपिलीनमधूनही गरम पाण्याने प्लास्टिकचे सूक्ष्म कण सुटतात, असे २०२० साली डब्लिनच्या संशोधकांनी दाखवले. म्हणून दूध काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात कालवून, कोमट झाल्यावरच बाटलीत ओतावे. काचेची बाटली जड आणि फुटणारी, पण स्वच्छ होण्यात सर्वांत चांगली.

तिसरे, आकार. नवजात बाळाला सव्वाशे मिलीची पुरते. अडीचशेची बाटली विकणे म्हणजे उरलेले दूध पुन्हा पाजायला शिकवणे. तोंड रुंद, बाजू सरळ, कोपरे नाहीत, मापाच्या रेघा ठळक. प्राण्यांच्या आकाराच्या, नळीच्या, खाचांच्या शोभेच्या बाटल्या ब्रशाला दाद देत नाहीत. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये लांब रबरी नळीच्या बाटल्या निघाल्या होत्या. त्यांनी इतकी मुले आजारी पडली आणि दगावली की लोक त्यांना खुनी बाटल्या म्हणू लागले. चौथे, बुचाचे भोक लहान हवे : बाटली उलटी केली की थेंब थेंब पडावा, धार नको. बूच चिकट झाले, फुगले, चिरले की फेकावे. पाचवे, पाणी उकळून, थोडेसेच निवल्यावर, गरम असतानाच पावडर घालावी. दोन तासांत न संपलेले दूध ओतून द्यावे.

एवढे सांगायला पाच मिनिटे लागतात. गिऱ्हाईकाची गर्दी असेल तर मराठीत आणि उर्दूत एक चिठ्ठी लिहून बाटलीबरोबर द्या. त्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नको.

आणि याहून सोपी वस्तू आपल्या घरातच आहे. आपल्या आज्या बाटली वापरत नव्हत्या. चांदीचे, पितळेचे चोचीचे बोंडले घरोघर असे. आजचे डॉक्टरही बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा लहान पेला बरा म्हणतात, कारण तो बोटाने पुसून साफ होतो, झटकन उकळतो, आणि बाळ आईची छाती विसरत नाही. मग आमचे भांडीवाले आणि जनरल स्टोअर्सवाले स्टीलचे बोंडले, झाकणाची वाटी, लांब दांड्याचा चमचा असा संच का ठेवत नाहीत? त्यावर ना कायद्याची बंदी ना मनाची बोचणी. प्रिन्सेस स्ट्रीटच्या आणि अब्दुल रहमान स्ट्रीटच्या घाऊक व्यापाऱ्यांनी हे मनावर घेतले तर वर्षभरात माल सगळ्या मुंबईत पोहोचेल.

मिल्क बँकेचाही प्रश्न विचारला जातो. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली आणि कमी वजनाच्या कितीतरी बाळांना तिचा आधार मिळाला. आपल्याकडे रजाअतीच्या नात्यामुळे याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. वेळ आली तर डॉक्टर आणि जाणत्या आलिम साहेबांशी दोघांशीही बोलावे. पण बाळाला ताटकळत ठेवू नये.

"आम्ही नाही दिली तर शेजारी देईल"

हा आक्षेप मला रोज ऐकू येतो. खरा आहे. पण न देण्याची मागणी कोणी करत नाही. लालबागचे एक जुने औषध दुकानदार बाटल्या गल्ल्याखालच्या खणात ठेवतात, काचेच्या कपाटात नाही. कोणी मागितली की दोनच प्रश्न विचारतात : "बाळ किती दिवसांचं?" आणि "डॉक्टरांनी सांगितलं का?" उत्तर हो असेल तर योग्य बाटली काढून समजावून देतात. नाही असेल तर म्हणतात, "बेटा, आधी वॉर्डातल्या नर्सताईंना भेट. दुकान रात्री अकरापर्यंत उघडं आहे." काही जण परत येतात, काही येत नाहीत. धंदा बुडाला का, असे मी विचारले. हसून म्हणाले की जे बाटली न घेता गेले, ते त्याच मुलाच्या तापाचे औषध, अकीक्याचे सामान आणि शाळेची वही घ्यायला माझ्याकडेच येतात. भरवसा हा धंद्यातला सर्वांत स्वस्त माल आहे, पण तो उसना मिळत नाही.

व्यापारी बांधवांकडे मागणे फार नाही. बाटल्या दर्शनी कपाटातून काढा. अकीका, बारसे, वाढदिवसाच्या भेटसंचातली बाटली काढून त्या जागी दुपटे, टोपडे, वाटी-चमचा घाला. नोकराचे बाटलीवरचे कमिशन आजच बंद करा आणि त्याला ते दोन प्रश्न शिकवा. घाऊक व्यापाऱ्यांनी मानक खूण नसलेला माल उतरवू नये, मग तो कितीही स्वस्त पडो. मशिदींच्या कमिट्यांनी निकाहाच्या वेळी तरुणांना सूरह बकराच्या त्या आयतीतला बापाचा अर्धा भागही ऐकवावा.

त्या तरुणाला मी परत वॉर्डात घेऊन गेलो. तिथल्या सिस्टरांनी आईला कुशीवर वळवून बाळ कसे धरायचे ते दाखवले. टाके दुखत होते म्हणून तिला बसता येत नव्हते, एवढीच अडचण होती. डबा आणि बाटली परत करायला तो दुकानात गेला तेव्हा विकलेला माल परत घेत नाही, असे उत्तर मिळाले. ती रक्कम त्याच्या तीन दिवसांच्या मजुरीएवढी होती. बाळाचे भले झाले, अल्हम्दुलिल्लाह. पण ते तीन दिवस ज्याच्या गल्ल्यात जमा झाले, त्याच्या हिशेबाच्या वहीत ते कोणत्या बाजूला मांडले जातील, याचा विचार आपल्यापैकी प्रत्येक दुकानदाराने करावा.